किती लाख लागतीन?

गावी गेले की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न केळीवरच्या रोगांचा नसतो आणि जर्मनीतल्या थंडीचाही नसतो. "ताई, पीएचडीला किती लाख लागतीन?" विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो. ज्याच्यासाठी विचारायचं ते पोरगं मागे मोटरसायकलजवळ मोबाईल चाळत उभं असतं. बापाच्या डोक्यात आकडा आधीच तयार असतो. तापीकाठचा कुठला तुकडा गहाण टाकला तर बँक किती देईल, साडू किती देईल, बायकोचं किती सोनं मोडावं लागेल, हा सगळा हिशेब करूनच तो आलेला असतो.

मी सांगते, विज्ञानातल्या पीएचडीला तिकडे परदेशात बहुतेक ठिकाणी फी भरायची नसते, उलट पैसे मिळतात. त्यावर तो माझ्याकडे असा बघतो, की ही बाई काहीतरी लपवतेय. त्याचाही दोष नाही. एजंटाने त्याला वीस-पंचवीस लाखांचं पत्रक दाखवलेलं असतं. एजंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. तो विकतो ते मास्टर्स, आणि इंग्लंड-आयर्लंडच्या मास्टर्सला खरोखरच तेवढे लागतात. पीएचडी विकून त्याला काही सुटत नाही, म्हणून त्याच्या दुकानात तो माल नसतो. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा हा विद्यापीठाचा नोकर असतो, साधारण चार वर्षांचा करार, रजा, पेन्शनची कपात, सगळं. जर्मनीत सरकारी वेतनश्रेणीतली अर्ध्या किंवा ६५ टक्के पगाराची जागा मिळते. अमेरिकेत फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या बदल्यात महिन्याला ठरावीक रक्कम हाती येते, फार नाही, पण जगता येतं. खिशातून जातं ते परीक्षांची आणि अर्जांची फी, व्हिसा, तिकीट आणि घरभाड्याची अनामत. हे सगळं धरूनही जमीन विकायची वेळ येत नाही.

मी स्वतः यावल तालुक्यातली. बीएस्सी जळगावला मूजेत, म्हणजे मूळजी जेठा कॉलेजात, पीएचडी पुण्यात, मग अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, आणि आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात वनस्पतींच्या विषाणूंवर काम करणारा छोटासा गट चालवते. गटात सध्या एक चिनी मुलगी आहे, एक ब्राझीलचा, एक इराणी, दोन जर्मन आणि एक आपल्याकडचा. त्यांच्याशी बोलताना आणि गावाकडून येणाऱ्या फोनांना उत्तरं देताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. ज्याला आपण संशोधनातली हुशारी म्हणतो त्यातला मोठा भाग वेळेवर मिळालेल्या माहितीचा असतो. पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती, आई-वडील दोघेही संशोधक. फेलोशिपचा अर्ज केव्हा करायचा, कुणाकडे काम करायचं, कुणापासून लांब राहायचं, पेपरवर नावाचा क्रम कधी ठरवून घ्यायचा, हे तिला रात्रीच्या जेवणात आमटीबरोबर वाढलं गेलं होतं. तिला ते आपल्याला माहीत आहे हेही माहीत नव्हतं. लोक म्हणायचे, काय तयारीची पोरगी आहे. होतीच ती. पण आमच्या घरी जेवताना बऱ्हाणपूरच्या भावाची चर्चा व्हायची.

त्या भावाचंच बघा. आमच्याकडे बऱ्हाणपूरला आणि रावेरला आज काय निघालं हे विचारल्याशिवाय कुणी घडाला हात लावत नाही. नव्या लागवडीच्या नवतीचा भाव वेगळा, पिलांवर वाढवलेल्या पिलबागेचा वेगळा, कमी प्रतीच्या वापसीचा वेगळा. व्यापाऱ्याने पन्नास रुपये कमी सांगितले तर आप्पा चार ठिकाणी फोन करायचे. तेच आप्पा आणि त्यांच्यासारखे हजार बाप पोरांची पाच-सात वर्षं मात्र भाव न विचारता सोडून देतात. विचारायचं कुणाला हेच कळत नाही, आणि कळलं तर भीड पडते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला पगाराचं कसं विचारायचं?

पोस्टडॉकच्या टप्प्यावर तर सगळा खेळ तारखांचा होतो. जर्मनीत २००७ पासून एक कायदा आहे. विद्यापीठाला संशोधक मुदतीच्या करारावर ठेवायचा असेल तर पीएचडीच्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं, वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ. लहान मूल असेल तर मुदत वाढते, आणि बाहेरून आलेल्या प्रकल्पाच्या पैशांवर ठेवायची वेगळी पळवाट आहे, पण घड्याळ चालू राहतं. २०२१ मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी 'मी हाना' अशी मोहीमच काढली. सरकारने हा कायदा किती छान आहे हे समजवायला हाना नावाच्या एका चित्रातल्या संशोधिकेचा व्हिडिओ केला होता. त्यात असं सुचवलेलं होतं, की जुने लोक बाहेर पडत राहिले नाहीत तर व्यवस्था तुंबेल. लोक भडकले, आणि बरोबर भडकले.

युरोपच्या पोस्टडॉकसाठीच्या मारी क्युरी फेलोशिपची अट आणखी मजेशीर आहे. अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. आपल्याकडचा साधा शहाणपणा काय सांगतो? आधी जाऊन कुठेतरी चिकटावं, ओळखी कराव्यात, मग मोठ्या गोष्टीला हात घालावा. इथे तो शहाणपणा नेमका उलटा पडतो. चिकटून दीड वर्ष झालं की त्या देशापुरतं ते दार बंद. अमेरिकेचा जे-वन व्हिसा संशोधकाला जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतो. सरकारी पैशांवर गेलात तर नंतर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट लागते. पूर्वी विषयांच्या एका यादीमुळे कितीतरी भारतीय या अटीत आपोआप सापडायचे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचं नाव निघालं, तरी अजून लोक जुन्याच भीतीने जे-वनला नको म्हणतात.

हे सगळं सरकारी कागदांवर छापलेलं असतं, गुप्त काही नाही. पण ते शोधावं लागतं हे ज्याला माहीत आहे तोच शोधतो.

मागच्या डिसेंबरात सावद्याकडची एक मुलगी आली होती. एमएस्सी झालेली, वडिलांची केळी. लॅपटॉप घेऊन आली, मी म्हटलं, प्राध्यापकांना पाठवायचा मेल दाखव. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी." पुढे दहावीपासूनचे टक्के. मग लहानपणापासून असलेली विज्ञानाची आवड. चौथ्या परिच्छेदात, एका ओळीत, 'माय प्रोजेक्ट वॉज ऑन सीएमव्ही इन बनाना'.

सीएमव्ही म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू. केळीवर तो आला की पानांवर पिवळट पट्टे उठतात, पोंगा सडतो, झाड खुरटतं. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. पावसाळ्यात ढगाळ हवा राहिली की लागण वाढते, आणि आख्ख्या बागेतली झाडं उपटून टाकलेली मी लहानपणी पाहिली आहेत. औषध नाही. मावा पानात सोंड खुपसतो आणि मिनिटभरात विषाणू उचलून पुढच्या झाडाला देतो, फवारणीने मरायच्या आत त्याचं काम झालेलं असतं.

मी तिला विचारलं, नमुने कुठून आणलेस? म्हणाली, आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या बागांमधून, स्वतः फिरून, मग एलायझा चाचणीने तपासले. मी विचारलं, काय दिसलं? ती जरा थांबली आणि मग सुटलीच. "ताई, जिथं शेजारी काकडी नाहीतर गिलकं होतं ना, तिथं जास्त. अन् लोक झाड उपटतात पण बांधावरच टाकतात. दोन-दोन दिवस पडलेलं राहतं. मावा तिथून उठतो अन् परत बागेत." हे प्रोजेक्टच्या वहीत कुठे आहे? नव्हतं. सर म्हणाले होते, तक्ते द्या, बाकीचं नको.

आम्ही मेल पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य: मी जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागांमधून पानांचे नमुने गोळा करून त्यांतला हा विषाणू तपासला, आणि शेजारी वेलवर्गीय पिकं असलेल्या बागांत लागण जास्त दिसली. दुसरं वाक्य: तुमच्या अमुक पेपरात माव्याच्या हालचालीबद्दल जे म्हटलं आहे त्याच्याशी हे जुळतं का, असा मला प्रश्न आहे. तिसरं: तुमच्याकडे पीएचडीची जागा आहे का, आणि असेल तर पगार कुठल्या निधीतून आहे. खाली सही, सोबत दोन पानांचा सीव्ही. सगळं मिळून मोबाईलच्या एका पडद्यावर मावेल एवढंच.

ती बराच वेळ बघत राहिली. "ताई, उद्धट नाही वाटणार? पगाराचं डायरेक्ट?"

नाही वाटत. मला रोज असे मेल येतात. 'एस्टीम्ड लॅबोरेटरी' दिसलं की मी पुढे वाचत नाही असं नाही, मी वाचते, कारण मला माहीत आहे तो मेल कुठून आलाय. पण माझ्या शेजारच्या खोलीतला सहकारी वाचत नाही. त्याला वाटतं, हा शंभर जणांना गेलेला मेल आहे. बागा फिरलेली मुलगी मेलच्या तळाशी पुरली गेली आहे हे त्याला कळणार कसं? केळीवर काम करणाऱ्या युरोपातल्या कित्येक संशोधकांनी केळी फक्त काचघरात पाहिली आहे. पनामा रोग म्हणजे मातीतल्या बुरशीने केळी वाळणं; त्याची नवी जात, टीआर-फोर, २०१९ मध्ये कोलंबियात पोचली तेव्हा तिकडे केवढा गहजब झाला. आपल्याकडे ती बिहारात आधीच आली होती. या विषयावर युरोपात पैसा आहे, प्रयोगशाळा आहेत, आणि बाग पाहिलेली माणसं कमी आहेत. सावद्याच्या मुलीने ओशाळून लिहायचं कारणच काय?

शिफारसपत्रांचं दुखणं वेगळंच. आपल्याकडचे शिक्षक प्रेमाने लिहितात, की मुलगी आज्ञाधारक आहे, कष्टाळू आहे, तिचं चारित्र्य उत्तम आहे. निवड समितीत बसून मी अशी पत्रं वाचते तेव्हा पोटात तुटतं, कारण समितीतले बाकीचे 'आज्ञाधारक' वाचून पान उलटतात. त्यांना हवं असतं, की प्रयोग फसला तेव्हा हिने काय केलं. म्हणून मी आता मुलांना सांगते, सरांकडे पत्र मागायला जाताना एक पान घेऊन जा. तुम्ही काय केलं, कुठे अडलात, कसे सुटलात, सहा-सात ओळीत. सर रागावत नाहीत. उलट त्यांना बरं वाटतं, त्यांचंही काम हलकं होतं.

कागदांची एक गंमत सांगून पुढे जाते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्यामुळे एकाच मुलाच्या बीएस्सीच्या कागदावर एक नाव आणि एमएस्सीच्या कागदावर दुसरं असं होतं. तिकडच्या एका कार्यालयातून मला विचारणा आली, की ही दोन विद्यापीठं आहेत का, आणि असतील तर दुसऱ्याला मान्यता कधी मिळाली. मी सविस्तर उत्तर लिहिलं. विद्यापीठ एकच, आणि नाव आहे ते एका शेतकरी कवयित्रीचं, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती ओव्या सांगायची आणि घरातली माणसं लिहून घ्यायची. उलट टपाली उत्तर आलं: माहितीबद्दल आभार, कृपया हेच मुद्रांकित पत्रावर पाठवा.

माझ्या गटातला आपल्याकडचा मुलगा आहे तो नंदुरबार जिल्ह्यातला, धडगावच्या वरच्या पाड्यातला. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि आता दुकानात, कचऱ्याच्या डब्यांवर, भाडेकरारावर जर्मन. पहिलं वर्षभर तो गटाच्या बैठकीत बोललाच नाही. ब्राझीलचा मुलगा मला म्हणाला, याला स्वतःची मतं नाहीत वाटतं. मला हसू आलं, कारण जिन्यात, चहाच्या यंत्रापाशी, तो माझ्या प्रयोगांचे असे वाभाडे काढायचा की विचारू नका. बैठकीत सगळ्यांसमोर ताईंना चूक म्हणायचं, हे त्याच्याने होत नव्हतं. आणि मी त्याला "बोल ना रे" म्हणून ते होणार नव्हतं. शेवटी आम्ही असं ठरवलं, की प्रत्येक बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनीच एकेक आक्षेप लिहून पाठवायचा, माझ्या कामावरही. लिहिलेलं वाचून दाखवायला तो कचरत नाही. आता लिहिलेल्याच्या पुढेही बोलतो, कधी कधी जरा जास्तच.

त्याच मुलाची दुसरी गोष्ट. त्याच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि नेमका तेव्हाच त्याचा निवास परवाना संपत होता. नव्याचा अर्ज केलेला, कार्ड यायला महिने लागणार. मधल्या काळासाठी तिकडे एक घडीचा कागद देतात. मित्रांनी सांगितलं, या कागदावर देश सोडलास तर परत घेणार नाहीत. तो गप्प बसला. मला कळलं ते आठ दिवसांनी, तेही त्याच्या डोळ्यांकडे बघून मी खोदून विचारलं म्हणून. कागद मागवला. त्यावर आत चौकोन असतात आणि त्यांतल्या एकावर खूण केलेली असते. कुठल्या कलमाखाली खूण आहे त्यावर सगळं अवलंबून. त्याची खूण ८१व्या कलमाच्या चौथ्या उपकलमासमोर होती, म्हणजे जुना परवाना चालू धरला जातो, बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्यासमोर असती तर नसतं येता आलं. विद्यापीठाच्या परदेशी विभागात फोन करून खात्री केली, त्याने त्याच रात्री तिकीट काढलं. मार्गदर्शन, मेंटॉरिंग वगैरे मोठे शब्द ऐकले की मला तो चौकोन आठवतो. आमच्या क्षेत्रातल्या परिसंवादांत या विषयावर स्वप्नं, प्रेरणा, आत्मविश्वास असलं फार बोलतात. मला त्याचा कंटाळा येतो. पोराला आत्मविश्वास होताच, कुठली खूण बघायची ते माहीत नव्हतं.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला कधी गेलात तर तिथल्या शिलालेखाची चौकशी जरूर करा. शके ११२८, म्हणजे सुमारे १२०७ सालचा. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो चक्क हिशेबाचा आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, अशा नोंदी आहेत. मला हे फार आवडतं. सिद्धान्तशिरोमणीसारखा ग्रंथ घरात असूनही नातवाला वाटलं, की नुसता ग्रंथ असून भागत नाही, समजावून सांगणारं कुणीतरी तिथे बसवावं लागतं. आणि त्या बसणाऱ्याच्या जेवणाची सोय कुठल्या पेठेतून होणार हेही दगडावर कोरून ठेवलं. आज आमच्या विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात पेपर किती, निधी किती, याचे रकाने आहेत. धडगावच्या मुलाचा कागद वाचायला लागलेल्या दुपारीला रकाना नाही. तरुण प्राध्यापक म्हणूनच हे काम टाळतात, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार वाटत नाही. त्यांचंही घड्याळ चालू असतं.

"मग परत कधी?" हा दुसरा प्रश्न, तो आयांचा. त्यांना मी गुळमुळीत उत्तर देते. परतीच्याही वाटा आहेत, रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, रामानुजन आहे, दोन्ही पाच-पाच वर्षांच्या. त्या पाच वर्षांत एखाद्या संस्थेने कायम करून घेतलं तर ठीक, नाहीतर चाळिशीत पुन्हा अर्ज. काही जण परतले आणि फुलले, काही जण परतून दोन वर्षांत पुन्हा गेले. माझ्यापुरतं म्हणाल तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणंसुद्धा जमत नाही, कारण तिकडचं उन्हाळी सत्र नेमकं तेव्हाच सुरू झालेलं असतं. आई दर वर्षी झोक्याचा फोटो पाठवते, खाली काही लिहीत नाही.

सावद्याच्या मुलीला तीन उत्तरं आली. दोन नकार, एक मुलाखत. मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं विचारतात तेव्हा काय विचारायचं हे आम्ही आधीच ठरवलं होतं: तुमच्याकडे आधी पीएचडी केलेले लोक आता कुठे आहेत, आणि मी त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलू शकते का? प्राध्यापकाने दोन नावं दिली. पहिल्याने कौतुक केलं. दुसरी फोनवर तासभर बोलली. तिला पदवीला साडेसहा वर्षं लागली होती, करार शेवटी तीन-तीन महिन्यांनी वाढवत होते, आणि तिच्या आधीची मुलगी अर्ध्यात सोडून गेली होती. जागेचं पत्र आलं तेव्हा सावद्याच्या मुलीने ते रात्रभर उशाशी ठेवलं आणि सकाळी नम्रपणे नकार कळवला. मी तिला नको म्हण किंवा हो म्हण, काहीच सांगितलं नव्हतं.

तिच्या वडिलांचा फोन मला आला. आवाज चढलेला. "ताई, फुकट मिळत होतं, पगारासकट, अन् तुम्ही तिला नको त्या गोष्टी विचारायला लावल्या." मी म्हटलं, दादा, तुम्ही व्यापाऱ्याला माल देण्याआधी मागच्या शेतकऱ्याचे पैसे दिले का ते विचारत नाही? ते म्हणाले, केळीचं वेगळं असतं, केळी नासते. नंतर दोन महिने त्यांनी माझा फोन घेतला नाही. मुलीने मार्चअखेर आणखी चार मेल पाठवले, तिन्ही वाक्यं तशीच ठेवून, फक्त पेपरचं नाव बदलून. एका ठिकाणी पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे, आपल्याकडच्या वेळेप्रमाणे दुपारी अडीचला. त्या वेळी सावद्याला लाईट असते का, एवढंच तिने परवा विचारलं होतं. मी तिला जळगावला मावशीकडे जाऊन बसायला सांगितलं आहे.